वर्षातून एक दिवस बंद

गोल वाटेवर चालणाऱ्याला कुठेही पोहोचायचे नसते. तो दगडी पुलाजवळ गाडी उभी करतो, तीन जुन्या गावांतून हिंडतो, पडक्या जकातघराचे आणि बंद सूतगिरणीच्या धुराड्याचे फोटो काढतो, कालव्याच्या काठाने परत फिरतो आणि चार तासांनी त्याच गाडीत बसून निघून जातो. अकरा किलोमीटरांत तो पाहतो पुष्कळ. त्यातल्या कशाचीही झळ त्याला लागत नाही. या वाटेवरच्या एका फाटकात मात्र एक माणूस वीस वर्षे बसला. तिन्ही गावे त्याला ‘कुलूप’ म्हणत, आणि तोंडावर म्हणत.

वर्तुळ पुरे होण्यासाठी काठाचा एक तुकडा लागत असे. जेमतेम तीनशे पावलांचा, एका बाजूला कालवा आणि दुसऱ्या बाजूला गिरणीची दगडी भिंत. हा तुकडा गिरणीच्या मालकाचा होता. लोक तेथून वर्षभर जात, कोणी हटकत नसे. पण त्या मुलखात असा कायदा होता की लोकांच्या पायाखालची खाजगी वाट काही काळाने सार्वजनिक होते. ते टाळायचे असेल तर मालकाने वर्षातून एक दिवस ती बंद ठेवायची आणि त्या दिवशी निदान एका माणसाला प्रत्यक्ष अडवायचे. अडवलेल्याची सही, तिच्याखाली अडवणाऱ्याची सही. अडवलेला माणूस मालकाच्या चाकरीतला नसावा. एखादे वर्ष कोणीच अडवला गेला नाही, तर वाट कायमची सगळ्यांची.

कुलपाचे काम हेच. तीनशे चौसष्ट दिवस तो फाटकाला तेल घालायचा, काठावरचे गवत कापायचा, बांधाला पडलेली भोके मातीने बुजवायचा. उरलेल्या एका दिवशी, ऐन थंडीत, आठवड्याच्या मधल्या वारी, तो फाटकाला साखळी घालून स्टुलावर बसायचा. त्याबद्दल त्याला फाटकालगतचे दोन खोल्यांचे घर राहायला होते. काम आहे तोवर घर.

हे काम त्याने कधी घेतले, यावर गावांचा सगळा राग होता. गिरणीत टाळेबंदी झाली तेव्हा तो आणि त्याची थोरली बहीण दोघेही कामगार होते. ती कातणखात्यात, तो गाठोडी उतरवायला. मालकाने नियम काढला होता की रोज सकाळी दारात येऊन हजेरीपटावर सही करील त्याचाच हक्क राहील. एक दिवस चुकला की नाव कापले. बहीण एकशे चाळीस सकाळी गेली. भाऊ शंभरावर थांबला आणि एकशे एकाव्या दिवशी मालकाच्या फाटकावर रुजू झाला. गिरणी पुन्हा उघडलीच नाही. पण पटावर शेवटपर्यंत नाव राहिलेल्यांना कामगारांच्या रांगेतली घरे कायम मिळाली. बहिणीला त्यातूनच एक धडा मिळाला, आणि तिच्या आयुष्यात तो खराही ठरला होता: दारात उभा राहून सही करतो त्याचाच हक्क टिकतो.

पहिल्या वर्षी वाट बंद असल्याची पाटी लागली. संध्याकाळ होत आली तरी कोणी फिरकले नव्हते. मालकाचा व्यवस्थापक फाटकघरात चुळबुळत होता. तेवढ्यात काठावरून ती आली. तिला कोणी बोलावले नव्हते. भावाला चार शब्द सुनवायला आली होती.

“उघड.”

“आज बंद आहे, ताई.”

“काल उघडं होतं.”

“उद्याही असेल. आज बंद.”

“म्हणजे लाज सोडायला तुला वर्षातला एकच दिवस नेमून दिलाय. बाकीचे दिवस काय, घडी घालून ठेवतोस?”

त्याने नोंदवही पुढे केली. सही म्हटल्यावर तिचे डोळे लकाकले. “करणार. अडवलं असं स्पष्ट लिही. आणि नीट लिही, तुझं अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं.”

ती गेल्यावर व्यवस्थापक इतका हसला की त्याला ठसका लागला. “तुमच्या बहिणीला दरवर्षी बोलवा,” तो म्हणाला. “आपलं काम फुकटात झालं.”

त्या क्षणी भावाला सगळे समजले होते. तिच्या सहीने वाट वाचत नव्हती, मालकाची मालकी वाचत होती. पुढे अठरा वर्षे तो मूग गिळून बसला.

तिला मात्र कधी बोलवावे लागले नाही. दरवर्षी ती यायची, रांगेतल्या बायकांना सांगून यायची की एक वर्ष जरी चुकलं तर दावा बुडाला. गावाला हे पटत होते. पाटीवर खाली बारीक अक्षरांत कायद्याचे कलम छापलेले असे. तीन गावांत शिकलेली माणसे होती, शिक्षक होते, ग्रंथालय होते, पण ते कलम काढून वाचायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. कुलपाला शिव्या देणे त्यापेक्षा सोपे होते. हटवादीपणाला आपण निष्ठा म्हणतो आणि अज्ञानाला भोळेपणा. दोन्ही शब्द या ठिकाणी मला फार मवाळ वाटतात.

भावाबहिणीचे वर्षातले एवढेच बोलणे. ती कुटुंबाच्या बातम्याही दगड मारावे तशा मारायची.

“तुझ्या भाचीला मुलगी झाली.”

“बरं झालं.”

“तिनं मोठं होऊन विचारलं, आजीचा भाऊ काय करतो, तर काय सांगू? साखळी लावतो? कुत्र्याला तरी दुसरा कुणी लावतो.”

तो वही पुढे सरकवायचा. ती सही करायची, मग काठावरचे गवत पायाने उलटसुलट करून बघायची आणि म्हणायची, “गवत मात्र नीट कापतोस. गुलामाला काम चांगलं येतं.” सातव्या वर्षी तिने खाली पडलेली त्याची कानटोपी काठीने उचलून कालव्यात टाकली. अकराव्या वर्षी ती काही न बोलता सही करून गेली, आणि ते वर्ष त्याला सर्वांत वाईट गेले.

लोक अशा माणसाच्या एकटेपणाची कीव करतात. ती आली नाही तर वाट मोकळी होईल, पण मग ती कधीच येणार नाही, एवढे त्याने नक्की ओळखले होते. घर जाईल, हेही ओळखले होते. या दोन भीतींपैकी कोणती मोठी, हे त्याने स्वतःशी कधी निवडले नाही. निवडायचे टाळूनच तो तिला वर्षामागून वर्ष फसवत राहिला. एकटेपणाने हे समजून घेता येते, त्याचे समर्थन करता येत नाही.

एकोणिसाव्या वर्षी ती आजारी होती. कापसाच्या तंतूंनी तिची छाती केव्हाच खाल्ली होती. त्या थंडीत ती घराबाहेर पडत नाही, असे त्याच्या कानावर आले होते. बंदच्या दिवशी दाट धुके होते. दुपार झाली, कोणी आले नाही. तीन वाजले. ती यावी असे त्याला वाटत होते आणि येऊ नये असेही. व्यवस्थापक दोनदा येऊन गेला. “पुलावरून कुणाला तरी पकडून आणतो,” तो म्हणाला आणि गाडी घेऊन निघाला.

तो गेल्यावर काठावर खोकल्याचा आवाज आला. दर वीस-पंचवीस पावलांवर थांबत, भिंतीला हात लावत ती येत होती. रांगेतल्या घरापासून फाटकापर्यंत दीड किलोमीटर. स्टुलावरून उठून त्याने साखळी काढली आणि फाटक सताड उघडले.

ती उंबऱ्याच्या दगडापाशी येऊन थबकली.

“हे काय?”

“जा, ताई. वाट उघडी आहे.”

“आज बंदचा दिवस आहे.”

“म्हणूनच म्हणतो. एकाला तरी अडवलं, तरच वाट त्यांची राहते. एवढी वर्षं तूच ती राखलीस त्यांच्यासाठी. आज मी अडवलं नाही की संपलं. तुमची झाली वाट.”

ती श्वास लागेपर्यंत हसली. मग भिंतीला टेकली.

“हे तुला आज सुचलं? मी मरायला टेकले तेव्हा?”

“मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

“मग पहिल्या दिवशी का नाही बोललास?”

याचे उत्तर त्याच्याजवळ होते, पण ते तोंडाने सांगता येण्यासारखे नव्हते. त्याने हाताने आत येण्याची खूण केली, आणि त्या खुणेतच तिला लबाडी सापडली.

“तुझ्या परवानगीनं आत पाऊल टाकलं की उद्या तुझा तो व्यवस्थापक सांगेल, बाई मालकाच्या मेहेरबानीनं गेली, हक्कानं नाही. शंभराव्या दिवशीसुद्धा तू असाच गोड बोलला होतास. ‘ताई, उद्या जरा उशिरा जाऊ.’ आण ती वही.”

“ताई, सही करू नकोस.”

“तू नको म्हणतोस म्हणजे करायलाच हवी.”

तिने आत हात घालून स्टुलावरची वही ओढली. उघड्या फाटकाच्या बाहेर उभी राहून, वही भिंतीला टेकवून तिने स्वतःच्या हाताने लिहिले: ‘मला अडवले.’ खाली सही केली. अक्षर वाकडे आले म्हणून पुन्हा एकदा, जास्त ठसठशीत केली. वही त्याच्या छातीवर आपटली आणि आली तशी भिंत धरून परत गेली. तो तिला पोहोचवायला दोन पावले पुढे झाला तेव्हा तिने मागे न बघता काठी उगारली.

त्याची सही झाल्याशिवाय नोंद पुरी होत नव्हती. व्यवस्थापक पुलावरून रिकाम्या हाताने परतला तोवर ती झालेली होती. पुढे कोणी विचारले तेव्हा तो म्हणे, “मी केली नसती तर तिची खोटी पडली असती.” हे उत्तर ऐकायला बरे वाटते. तो त्या दिवशीही फाटकघरातच झोपला, एवढे त्याच्या शेजारी मांडले की पुरे.

उन्हाळ्यात बहीण गेली. अंत्ययात्रेत त्याला कोणी हाकलले नाही; त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र जागा मोकळी राहिली.

विसाव्या वर्षी त्याने नेहमीप्रमाणे साखळी घातली. दुपारनंतर एक नवरा-बायको आले, हातात वाटेचा नकाशा, पाटी न वाचता थेट फाटकापर्यंत. दोघांनाही अडवता आले असते. दोन सह्या मिळाल्या असत्या. त्याने साखळी काढली. “पुढं निसरडं आहे,” तो म्हणाला. “भिंतीच्या बाजूनं जा.” ती दोघे आभार मानून गेली आणि आपण काय पार केले हे त्यांना कधीच कळले नाही.

संध्याकाळी व्यवस्थापकाने वही उघडली. पान कोरे होते.

“कोण आलं होतं?”

“अडवावं असं कोणी नाही.”

“मग एखादं नाव लिहा की. बहिणीचंच लिहा. तिची सही एव्हाना तुम्हाला येत असेल.”

“ती गेली.”

“वहीला काय कळतंय?”

त्याने पेन टोपण लावून परत दिले. महिन्याभरात फाटकघर रिकामे करून तो जकातघरामागच्या एका खोलीत राहायला गेला. याला त्याग म्हणावे असे मला वाटत नाही. ज्या भीतीपोटी तो गप्प होता, तिच्यातली अर्धी बहिणीबरोबर संपली होती. उरलेल्या अर्धीची किंमत दोन खोल्या होती, आणि ती त्याने मोजली, इतकेच. ती जिवंत असताना वाट मोकळी व्हायला तिचे घरी बसणे पुरेसे होते. तिला विश्वासाने घरी बसवू शकणारा एकच माणूस होता आणि त्याने स्वतःची पत टाळेबंदीच्या शंभराव्या दिवशीच घालवली होती.

वाट सार्वजनिक झाली. फाटक काढून टाकले, खांब तेवढे राहिले. रांगेतल्या लोकांनी एका खांबावर पितळी पाटी बसवली. बहिणीची मुलगी ती पुसायला येते. तिने त्याला मामा कधीच म्हटले नाही. परवा तो तेथून जात असताना तिने फडके खांद्यावर टाकले आणि त्याची वाट अडवली.

“अहो फाटकवाले, वाचलीत का? की पायांतल्या जोड्यांकडे बघून जाता?”

तो थांबला. पाटीवर लिहिले होते की एका गिरणी कामगार स्त्रीने एकोणीस वर्षे न चुकता या फाटकाशी येऊन आपला हक्क मागितला, आणि तिच्या त्या येण्यामुळे ही वाट लोकांना मिळाली.

“आई एक वर्ष जरी आली नसती ना,” भाची म्हणाली, “तरी तुम्ही लोकांनी गिळली असती ही वाट. चूक काढा बघू एक तरी.”

मागून चालणाऱ्यांचा एक घोळका आला होता आणि पाटीचा फोटो काढण्यासाठी तो बाजूला होण्याची वाट पाहत होता. त्याने पाटी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली.

“एकोणीस बरोबर आहे,” तो म्हणाला, आणि बाजूला झाला.