श्ट्राउबिंगचा तुकडा

थालीपीठ खरपूस भाजल्याचा वास आला की हल्ली मला भूक लागत नाही, थकवा येतो. गेल्या रविवारी भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चोआ चू कांगहून मुलांना घेऊन माझ्या मरीन परेडच्या फ्लॅटवर आला होता. मी तव्याशी उभी होते आणि मागे त्याची या परदेशात वाढलेली मुलं इथल्या ढंगात बोलत होती, "आत्याला किड्स नाहीत ना, मग हा फ्लॅट आपण हाफ-हाफ करू, लाह."

मला पुण्याचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. बाबा जर्मन शिकवायचे आणि जेवतानाही त्यांचा तास चालूच असायचा. एकदा त्यांनी थालीपिठाचे चार तुकडे केले. "हा जुना बव्हेरिया, एक जर्मन राज्य. घराणं एकच, पण भाऊबंदकीत राज्याचे असे चार तुकडे झाले. हा श्ट्राउबिंगचा. इथला ड्यूक मूलबाळ नसताना गेला आणि बाकीच्यांनी त्याचाही तुकडा वाटून घेतला." एवढं बोलून त्यांनी तो तुकडा मोडला आणि आम्हा भावंडांच्या ताटात टाकला.

बाबांची बहीण, आमची आत्या, आमच्याकडेच राहायची. तिलाही मूलबाळ नव्हतं. तव्यावरची नजर न काढता तिनं विचारलं, "तो मरेपर्यंत तरी थांबले ना रे, दादा?"

आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. आम्ही दोघं मात्र पोट धरून हसलो होतो.

रविवारी मीही मागे न वळता म्हटलं, "मी मरेपर्यंत तरी थांबाल ना रे?"

मुलं खो खो हसली. भाऊ हसला नाही.