प्रतिक्रियांचं निधन-पत्रक

दान्यूब नदीकाठच्या त्या गावातल्या कापड गिरणीत नेद्यालकाबाईंनी एकतीस वर्षं एकच काम केलं: ताग्यातली खोट शोधायची. गिरणी बंद पडली, पाठोपाठ नवरा गेला, आणि खोट शोधायची सवय तेवढी मागे राहिली. मग पुतणीनं आपला जुना टॅब्लेट दिला आणि बाईंना ओग्न्यान मास्तरांचा ब्लॉग सापडला.

मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे आणि फावल्या वेळात गावाबद्दल लिहायचे. लेखाखाली प्रतिक्रियांना जागा असे आणि तिथे पहिला पाट बाईंचा. ‘मास्तर, हा मनोरा युद्धाआधीचा. माझ्या वडिलांनी त्याला विटा वाहिल्यात.’ ‘फोटोतली मुलगी लाजलेली नाही, तिची दाढ दुखत होती. ती मी आहे.’ लोक मास्तरांचा लेख वरवर चाळत आणि बाईंचं मन लावून वाचत. मग कुणी भर घाली, कुणी आजीचा जुना फोटो लावी, कुणी नुसतंच भांडे. मास्तर चरफडायचे, पण दुसऱ्या दिवशी लेखातली चूक गुपचूप दुरुस्त झालेली असायची.

यंदा सप्टेंबरात कारंज्यावरून ठिणगी पडली. जुनं कारंजं बेकरीपुढे होतं की चर्चपुढे, यावर दोनशे चौदा प्रतिक्रिया! एकमेकांच्या आजोबांचा उद्धार झाला. मास्तरांनी वैतागून जाहीर केलं, ‘प्रतिक्रिया कायमच्या बंद.’

दिवसाकाठी चार शब्द बोलायची बाईंची तेवढी एकच जागा होती. पण रडत बसणं त्यांना कधी जमलं नाही. त्या तडक झिव्कोच्या छापखान्यात गेल्या. गावात कुणी गेलं की काळ्या चौकटीचा, फोटोचा कागद तिथेच छापतात आणि दारावर, झाडावर, बसथांब्यावर चिकटवतात.

“कोण गेलं, मावशी?” झिव्कोनं टोपी काढली.

“प्रतिक्रिया गेल्या. छाप.”

“आँ? मग फोटो कुणाचा लावू?”

“माझाच लाव. प्रतिक्रियांचा फोटो कुठून आणू? आणि खाली अर्धा कागद कोरा ठेव, लोकांना लिहायला.”

बाईंनी वीस कागद चिकटवले, एक स्वतःच्या दारावरही, आणि मिरच्या भाजून वर्षाची चटणी करायला बहिणीच्या खेड्यात निघून गेल्या. तिथे मोबाइलला रेंज नव्हती.

आता गंमत अशी, की हे कागद त्या गावात कुणी वाचतच नाही. चेहरा बघायचा, छातीवर क्रूस काढायचा आणि फुलं आणायला जायचं. तिसऱ्या दिवशी बाई चटणीच्या बरण्या घेऊन परतल्या, तर दारात कार्नेशनचा ढीग. प्रत्येक जुडीत फुलं सम संख्येत, म्हणजे तिथे मेलेल्या माणसाला देतात तशी. आणि पायरीवर ओग्न्यान मास्तर, डोळे सुजलेले.

“मेल्या, माझ्या दारात बसून रडतोस काय?”

मास्तर किंचाळलेच. “मावशी! तुम्ही... अहो, गावभर कागद लागलेत!”

“वाचलास का तो?”

“फोटो बघितला आणि...”

“भूगोलाचा मास्तर ना तू? नकाशासुद्धा असाच वाचतोस?”

मास्तरांनी मान खाली घालून मोबाइल पुढे केला. त्यांनी बाईंवर लेख लिहिला होता. बाईंनी चष्मा चढवला. ‘सहा वर्षं एकेक ओळ लिहिताना माझ्या मनात एकच धाक असायचा, मावशी काय म्हणतील. त्या नसत्या तर मी गावाला खुशाल फसवलं असतं,’ असं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘त्यांच्या मागे कुणी नाही.’

बाईंचे डोळे भरून आले. नवरा गेल्यापासून त्यांच्याबद्दल इतकं कुणी बोललं नव्हतं.

“उघड,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“खालची जागा. एवढं लिहिलंस आणि मला उत्तर देता येईना. जीव गुदमरतोय रे!”

मास्तरांनी पायरीवर बसूनच ती उघडली. बाईंनी एका बोटानं लिहिलं, ‘दोन चुका. एक, मी जिवंत आहे. दोन, माझ्या मागे कुणी नाही हे खोटं. थांब, येतीलच आता.’

बरण्या आत नेऊन होईतो खाली त्रेसष्ट जण जमले होते. पहिल्यानंच लिहिलं होतं, ‘मावशी, दोन दिवस रडवलंत. आता बसा भांडायला.’