कॉफीच्या चक्कीवरचा लाल ठिपका

"इथे एक लाल ठिपका होता. तो कुठे गेला?"

मॅडमनी चक्की काउंटरवर तीनदा फिरवून पाहिली आणि मला विचारलं. मी तर शाबासकीची वाट बघत उभा होतो. आदल्या दिवशी काळीकुट्ट आलेली वस्तू मी रॉकेलमध्ये भिजवून, वायर ब्रशने घासून चकाचक केली होती. शिरूरमध्ये मोटार वाइंडिंग आणि मिक्सर रिपेअरिंगची तेव्हा बरीच दुकानं होती. पण दुरुस्तीला आलेली वस्तू नव्यासारखी पुसून देणारा मी एकटा, असा माझा समज होता. त्याची मला थोडी घमेंडही होती.

"ठिपका? डाग होता तो. साफ केला," मी म्हणालो.

मॅडम खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "सलीमभाई, तो माझ्या आईच्या हातचा कुंकवाचा ठिपका होता."

ही गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. मॅडम मूळच्या तामिळनाडूच्या, शिरूरच्या एका शाळेत शिकवायच्या. त्यांचे मिस्टर रांजणगावला कंपनीत. मराठी त्या आपल्यापेक्षा स्वच्छ बोलायच्या. वस्तू होती कॉफीची हातचक्की. बिडाची, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायची, दांडा फिरवला की भाजलेल्या बियांची पूड पाडणारी. तक्रार अशी, की पूड जाड पडते.

खोलल्याबरोबर दोष सापडला होता. जात्याला जसे दोन दगड, तशा हिला पोटात दोन लोखंडी चकत्या. एक जागेवर बसलेली, दुसरी फिरणारी. दोन्हींवर दात असतात. या चकत्यांचे दात झिजून गुळगुळीत झाले होते. बाहेर एक गोल कडं. ते आवळलं की चकत्या जवळ येतात आणि पूड बारीक पडते, सैल केलं की जाड. ठिपका होता त्या कड्यावर. आईंना हवी तशी पूड जिथे पडायची, तिथे त्यांनी खूण करून ठेवली होती. वर्षानुवर्षं पुसट झाली की पुन्हा लावायच्या. आणि मी ती रॉकेलने धुतली.

"आई वारली. तीन महिने झाले," मॅडम म्हणाल्या. "वडिलांना, अप्पांना, मी इथे घेऊन आले. ते येताना दोनच गोष्टी घेऊन आले, कपड्यांची ट्रंक आणि ही चक्की. इथलं काहीच त्यांना रुचत नाही. सकाळची कॉफी तेवढी मागतात. तीही आता पाण्यासारखी होते. परवा म्हणाले, मी गावी जातो. रविवारचं दौंडहून मद्रासच्या गाडीचं तिकीट काढलंय. गावी त्यांना बघणारं कोणी नाही, सलीमभाई. मागच्या वर्षी न्हाणीघरात पडले, तर शेजाऱ्यांना दुपारी कळलं. चक्की नीट झाली तर थांबतील, अशी माझी आशा होती."

चक्की बिघडवली असती तर दुरुस्त केली असती. पुसलेलं कसं दुरुस्त करायचं?

मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्ही दुसरा ठिपका लावून द्या ना. त्यांना कळणार नाही."

खरं सांगतो, मोह झाला. पण ठिपका नेमका कुठे होता हे मला आठवत नव्हतं. आणि आठवलं असतं तरी उपयोग नव्हता. झिजलेल्या चकत्या बदलायलाच हव्या होत्या, आणि नव्या चकत्यांचे दात उंच. जुन्या खुणेवर कडं आणलं तर दातावर दात घासले असते.

"शनिवारी अप्पांना घेऊन या," मी म्हणालो. "बाकी मी बघतो." काय बघणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं.

बुधवारी पुण्याला गेलो. त्या मेकची चकती कुठेच नव्हती. शेवटी मसाल्याच्या चक्कीची एक जोडी मिळाली. मापाला बरोबर, फक्त मधलं भोक एक सूत लहान. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भोक वाढवायचं तर बरोबर मध्यावरूनच वाढलं पाहिजे, नाहीतर चकती हेलकावते आणि अर्धी पूड जाड, अर्धी बारीक पडते. हे हाताच्या ड्रिलचं काम नव्हे. कारेगावला सिद्धार्थकडे गेलो. पाबळला यंत्रकाम शिकून आलेला, लेथवर बसलेला माणूस. हात असा, की त्याने केलेलं काम मी पुन्हा मोजत नसे.

त्याने चकती उलटसुलट केली. "कशाची हाय ही? मिरचीची?"

"कॉफीची."

"कॉफी तर बाटलीत मिळती की! दळायची कशापायी?"

मी त्याला सगळं सांगितलं. ठिपक्यापर्यंत आल्यावर त्याने लेथ बंद केली.

"आन् तुम्ही पुसला?"

"व्हय, पुसला."

"लई चमकवायची हौस तुमाला," तो म्हणाला, आणि कामाला लागला. कडक बिडाची चकती, घाई केली तर तडकते. दुपार गेली. दोन्ही चकत्या मात्र अशा बसल्या, की दांडा एका बोटाने फिरावा.

आता राहिलं सेटिंग. मी जन्माचा चहाबाज. मॅडमनी समजावलं होतं, की त्यांचा पितळी फिल्टर दुमजली असतो. वर पूड आणि गरम पाणी, खाली थेंब थेंब अर्क. पूड जाड झाली तर पाणी सरळ खाली जातं, पिठासारखी झाली तर थेंबच पडत नाही. मधलं काहीतरी पाहिजे. आमच्याकडे चक्की चांगली म्हणजे पीठ बारीक, एवढंच आम्हाला माहीत. मधलं म्हणजे किती, हे कसं ठरवायचं, असं मी बायकोला, शबानाला विचारलं. तिने चार कागदी पुड्या बांधून दिल्या. मैदा, बाजरीचं पीठ, बारीक रवा, जाड रवा.

शनिवारी अप्पा आले. उंच, वाळलेले, पांढरी लुंगी आणि इस्त्रीचा शर्ट. मराठी त्यांना येत नव्हतं, हिंदीही बेताचं. मी मॅडमना म्हटलं, "आधी त्यांना सांगा की ठिपका मी पुसला. चुकून नाही, घाण समजून पुसला."

"कशाला सांगायचं?"

"सांगा."

त्यांनी सांगितलं. अप्पांनी हात पुढे करून काहीतरी मागितलं.

"जुन्या चकत्या मागताहेत," मॅडम म्हणाल्या.

मी दिल्या. त्यांनी त्या गुळगुळीत दातांवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. हळू आवाजात काही बोलले. मॅडमचे डोळे भरून आले.

"म्हणतात, ठिपका दर वर्षी नवा लागायचा. हे दात मात्र सगळे तिनेच झिजवलेत."

चकत्या त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवल्या. खिसा लोंबला.

मग मी पुड्या उघडल्या. अप्पांनी चारही चिमटीत धरून पाहिल्या. मैदा झटकला, जाड रव्याला नकाराची मान हलवली. बाजरीचं पीठ आणि बारीक रवा यांच्यामध्ये काउंटरवर बोट टेकवलं. कळलं! मॅडमनी आणलेल्या बिया मी दळल्या, त्यांनी पूड चिमटीत घेतली. नाही. कडं जरा आवळलं. नाही. जरा सैल. सहाव्यांदा त्यांनी चिमूट नाकाशी नेली आणि डोळे मिटले. दुकानभर वास सुटला होता. माझ्यासारख्या चहाबाजालाही पेलाभर प्यावीशी वाटली.

कुंकू माझ्या दुकानात कुठून असणार? वाइंडिंगवर लावायचं लाल वार्निश होतं. काडी त्यात बुडवून मी अप्पांच्या हातात दिली. त्यांनी कड्यावर ठिपका लावला. ठिपका किंचित लांबट झाला. मी पुसून नीट करून देऊ का, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

"हे रॉकेलनेही निघत नाही," मी मॅडमना म्हणालो.

रविवार गेला. सोमवारी मॅडम शाळेत जाता जाता दुकानासमोर थांबल्या. "तिकीट रद्द केलं," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मी दिवसभर एका मोटारीचं वाइंडिंग उलटं भरत होतो, हे संध्याकाळी लक्षात आलं.

तेव्हापासून दुकानात आलेली वस्तू मी आधी पुसत नाही. कार्डावर लिहून घेतो, कुठे खूण, कुठे दोरा, कुठे चिकटपट्टी, आणि मालकाला विचारतो. वस्तू धुळकट परत जाते म्हणून काही गिऱ्हाइकं कुरकुरतात. कुरकुरू देत.

दीड वर्षाने दांड्याची मूठ सैल झाली म्हणून अप्पा चक्की घेऊन आले, या वेळी एकटेच. काउंटरवर ठेवली, लाल ठिपका माझ्याकडे फिरवला, आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "पुसू नका."