जाळ्याचा मणी आणि मनकर्णाची म्हैस

आमचा खुशाल माझा धाकटा भाऊ. बडनेऱ्याला रेल्वेत गँगमन होता, आता घरीच असतो. जन्मात त्यानं मासा तोंडात घातला नाही, पकडणं तर दूरच. पण मासे धरायचं जुनं सामान दिसलं की त्याचे पाय तिथंच थांबतात. पुलावर रुळाचं काम करता करता खाली मासे धरणाऱ्यांशी बोलत बसायचा, तिथूनच लागलं हे वेड. लोहारानं ठोकलेले गळ त्यानं जुन्या चपलांच्या तळव्यात टोचून ठेवलेत. मोरपिसाच्या दांडीचे तरंगे आहेत, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या भंगारवाल्याकडून आणलेली, गळाची दोरी गुंडाळायची पितळी चकरी आहे. जाळं बुडावं म्हणून त्याच्या काठाला बांधायचे भाजक्या मातीचे मणी तर डबाभर.

त्याची बायको सुंदरा म्हणते, "लोकाईच्या घरी सोनं रायते, आमच्या घरी गळ."

मी तिसरी शिकलेली. मला त्यातलं काही कळत नाही, पण हा एवढं काय पाहतो, ते पाहत बसायला मला आवडतं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही पूर्णेकाठच्या एका गावी साक्षगंधाला गेलो. जेवण झालं आणि खुशाल गायब. शोधत गेले तर शेजारच्या गोठ्यापुढं उभा, म्हशीकडे टक लावून. तिच्या गळ्यात दोरीत ओवलेला एक काळा मणी होता.

"बाई, हा जाळ्याचा मणी हाय. पन याले दोन भोकं काहून? माह्या एकाही मण्याले दोन नाईत."

तेवढ्यात म्हशीची मालकीण मनकर्णा धार काढायला बादली घेऊन आली.

"काय पाहून राहिले जी एवढं?"

"हा मणी देता काय मले?"

"नजरेचा हाय तो. माह्या आजेसासूपासूनचा. व्हा बाजूले."

हा कुठला बाजूला होतो! ती धारेला बसली, तर म्हशीनं पान्हाच सोडला नाही. वर लाथ मारून बादली आडवी केली.

"लागली ना नजर!" मनकर्णा कडाडली. "आता तुमीच उतरवा. त्याबिगर जाऊ देत नाई."

खुशालला आयतीच सोय झाली. मुठीत मीठ-मिरच्या घेऊन तो म्हशीच्या तोंडावरून ओवाळू लागला. हात म्हशीवर, डोळे मण्यावर.

मी म्हटलं, "अरे, हात गोल फिरव. गाडीले झेंडी दाखवून राहिला काय?"

ओवाळता ओवाळता त्यानं वाकून मणी चिमटीत धरलाच.

"बाई, कळलं! जाळ्याच्या दोरीनं घासू घासू पह्यलं भोक पार कडेले आलं. मणी तुटाच्या आंधी कोनंतरी दुसरं पाडलं. किती वर्सं पान्यात रायलं असन हे जाळं!"

मीही चष्मा लावून पाहिलं. कड नखाएवढी पातळ झाली होती. नुसत्या दोरीनं भाजकी माती एवढी झिजते, हे मला या वयात कळलं.

इकडे म्हशीनं पान्हा सोडला. बादलीत धार वाजू लागली.

"आता तरी द्या," खुशालनं हात जोडले. "बदल्यात माह्याजोळचे मूठभर मणी देतो."

"आता तं बिलकुल नाई. तुमच्यासारक्याची नजर उतरली, म्हंजे मणी पक्का हाय."

"मंग या म्हशीच्या मागून?"

"मंग तिच्या वगारीच्या गळ्यात."

खुशालनं वळून पाहिलं. म्हशीची पारडी कोपऱ्यात चारा खात होती. हा गेला आणि तिच्या पाठीवरून मायेनं हात फिरवायला लागला.

"दुरून जी, दुरून!" मनकर्णा धार सोडून उठली.