शंभर माणसांच्या स्वयंपाकाचं पुस्तक

काचीगुड्यात माझी छोटी लायब्ररी होती. हिमायतनगरच्या दुकानांत नवे ओव्हन दिसायला लागले, तशी केकच्या पुस्तकांवर बायकांची झुंबड उडाली, आणि पुस्तकांतली पानंही ब्लेडने कापलेली सापडू लागली.

माझा संशय सरळ एका म्हाताऱ्यावर. रोज दुपारी यायचा. पुस्तक घरी न्यायचा नाही, उभ्याउभ्याच पाककृती वाचत बोटांवर कसला तरी हिशेब करायचा. काखेतली खाकी पिशवी कधी खाली ठेवायचा नाही. मी त्याचं नावही विचारलं नाही. चोराचं नाव काय विचारायचं?

एक दिवस मी त्याला पिशवी उघडायला लावली. आत एकच तेलकट पुस्तक होतं, लष्करी स्वयंपाक्यांचं. प्रत्येक पाककृती शंभर माणसांची.

"फौज में बावर्ची था, अम्मा," तो म्हणाला. "सौ आदम्यां का पकाना आता मेरेकू. बीवी गुजर गई, अब एकीच आदमी का पकाना है. नमक का अंदाजा नै आरा."

मी ओशाळले. त्याला बसायला स्टूल दिलं.

दुसऱ्या दिवसापासून तो आल्याआल्या, मी काही बोलायच्या आत, पिशवी उघडून माझ्यासमोर धरायचा.

आणि खरं सांगते, मी वाकून बघायचे.