नानांची थोरली

नाना आमचे चेहरे बघत नसत, ताटं बघत. नेरे गावातल्या त्यांच्या खानावळीत आम्ही कॉलेजची पंधरा-सोळा पोरं दोन्ही वेळा जेवायचो. वर्ष झालं तरी त्यांना आमच्यातल्या पाचांचीही नावं सांगता येत नसत. पण जेवण झालं की ते मोरीपाशी येऊन उभे राहायचे आणि डॉक्टरनं जीभ बघावी तसं प्रत्येक ताट निरखायचे. "ह्यो चपातीच्या कडा काढनारा. आईचा लई लाडका असनार." "ह्यो वांगं वाटीखाली दडवतुया. मोठा झाला की एकतर पोलिसात जाईल, न्हाईतर चोरात." माझ्या ताटात न चुकता कढीपत्ता उरायचा, म्हणून मी कढीपत्ता. इंजिनिअरिंगची चार वर्षं त्या घरात मला दुसरं नाव नव्हतं.

या विद्येची आम्ही खूप टिंगल करायचो. दुसऱ्या वर्षी मी एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, नापास झालो आणि कुणालाच सांगितलं नाही. घरी, परभणीला, फोन करून 'निकाल लागायचाय' म्हणालो. खोलीतल्या सतीशलाही तेच सांगितलं. त्या दुपारी नानांनी माझं ताट बघितलं. संध्याकाळी पुन्हा बघितलं.

"दोन येळा भात तसाच. घरचं कुनी गेलं का?"

"नाही, नाना."

"मग नापास झालास."

मी मान हलवली.

"परत बसता येतंय का परीक्षेला?"

"येतं."

"मग भातानं काय वाकडं केलंय तुझं?" असं म्हणून ते समोर बसले आणि तो भात त्यांनी मला संपवायला लावला. धीर वगैरे काही दिला नाही. पण जेवून उठलो आणि घरी फोन करून खरं काय ते सांगितलं.

उष्ट्यावर त्यांचं एवढं लक्ष असायचं ते थोरलीमुळं. घरामागं गोठ्याला लागून त्यांचा गोबरगॅस होता. विहिरीसारखा गोल बांधीव खड्डा आणि त्यावर उपडी घातलेली लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर उचलायची, वापरला की खाली बसायची. वडिलांनी कधीकाळी अनुदानातून बांधलेल्या या गोबरगॅसला नाना थोरली म्हणत. रोज सकाळी सहा म्हशींचं शेण पाण्यात कालवून तिला पाजायचं, त्यात आमच्या ताटांतलं उष्टं मिसळायचं. लिंबाच्या साली आणि कांद्याची टरफलं मात्र वेगळ्या बादलीत. "तिला आंबट चालत न्हाई. पोट बिघडतंय." आमची भाजी-आमटी, चपात्या, सगळं तिच्याच गॅसवर व्हायचं आणि खालून निघणारी मळी नानांच्या भातखाचरात जायची.

थोरली का म्हणतात, असं मी एकदा काकींना, म्हणजे नानांच्या बायकोला, विचारलं. चपाती लाटता लाटता त्या म्हणाल्या, "ती माज्या आदीपास्नं हाय ह्या घरात. मी धाकली. दोघी आजारी पडलो तर ह्ये पयले तिच्याकडं जात्यात."

"ती बोलत न्हाई," नाना म्हणाले. "येवढाच फरक."

गावातली पोरं त्यांना गोबर नाना म्हणायची. ते नानांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजात हरित मंडळ निघालं. पर्यावरण हा विषय सक्तीचा होता आणि तो शिकवायला तासिका तत्त्वावर एक सर आले होते. सर मनापासून तळमळीचे होते. मी मंडळाचा सचिव झालो, पण त्यात तळमळीचा भाग नव्हता. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या अर्जात 'इतर उपक्रम' असा एक रकाना असतो, तो माझा कोरा होता. पृथ्वी वाचवायला निघालेले आम्ही बहुतेकजण त्या रकान्यातूनच निघालो होतो.

विद्यार्थ्यांनी रोजच्या जगण्यातून हवेत जाणारा कार्बन कसा कमी करावा, हा आमचा विषय. खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करा, एका बादलीत अंघोळ करा, एकेकट्यानं बाइक काढू नका, कागद पाठपोट वापरा, ताटात उष्टं टाकू नका. हे सगळं सांगणारी प्रश्नावली आम्ही जाड चकचकीत कागदावर एकाच बाजूनं छापली, कारण पाठपोट छापली तर ती नीट दिसत नव्हती. छापील गठ्ठे आणायला पुण्याला चौघं गेलो, चार बाइकवर. येताना प्रत्येकाला वेगळीकडं थांबायचं होतं.

पहिली प्रश्नावली मी नानांकडून भरून घ्यायला गेलो.

"कार्बन फूटप्रिंट म्हंजी काय रं?"

"पायाचा ठसा, नाना. आपल्या वागण्यानं हवेत किती घाण जाते, तो ठसा."

त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. "मग बूट भाईर काडून ये."

मी बूट काढून आलो आणि विचारायला लागलो. वाहन कोणतं? "बैलगाडी. पन बैल न्हाईत." विमानप्रवास वर्षातून किती वेळा? "इमान रोज जातंय वरनं. म्या खाली असतोय." वातानुकूलन यंत्र आहे का? "पौषात असतंय."

नानांचा ठसा इतका बारीक भरला की सर म्हणाले, फॉर्म भरताना काहीतरी चुकलंय, पुन्हा भरून आण.

मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जाहीर झाली. महिनाभर एखादा उपक्रम राबवायचा, शेवटी परीक्षक जागेवर येऊन बघणार. मी 'रिकामं ताट' सुचवलं आणि नानांची खानावळ निवडली. भिंतीवर फळा लावला, रोज रात्री उष्टं तोलून त्यावर लिहायचं ठरलं. फळ्याला खिळे नानांनीच दिले. पहिल्या दिवशी पाच किलो भरलं. पंधरा दिवसांत ते पाऊण किलोवर आलं. महिना संपत आला तेव्हा फळ्यावर शून्य होतं. सतीश वांगं खाऊ लागला आणि मी कढीपत्ता चावून गिळू लागलो. मोरीपाशी नाना नेहमीसारखे उभे असायचे आणि घासल्यासारखी ताटं त्यांच्या पुढून जायची.

"ब्येस केलंसा," ते म्हणायचे आणि मागच्या दारानं निघून जायचे.

मागं काय चाललंय ते बघायला आम्हाला सवड नव्हती. त्या वर्षी गावामागचा चराईचा माळ एका गृहप्रकल्पाच्या कुंपणात गेला होता. विकत चारा घालून सहा म्हशी पोसणं नानांना झेपेना, म्हणून त्यांनी चार विकल्या. म्हशी गेल्याचं आम्हाला दिसलं होतं, पण त्याचा आमच्या उपक्रमाशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. एके दिवशी आमटीला धुराचा वास आला. दुसऱ्या दिवशी चपातीलाही आला. पाण्याचा तांब्या भरून घ्यायला मी मागं गेलो, तर काकी फुंकणीनं चूल पेटवत होत्या आणि त्यांचे डोळे लाल झाले होते. कोपऱ्यात गोणपाटाखाली लाल सिलिंडर होता. दारातून बघितलं तर थोरलीची टाकी पार तळाला बसली होती.

"काकी, हे काय?"

"दोन म्हशींच्या शेनात कुटं भागतंय? तुमचं उष्टं पडायचं तवर निभत व्हतं. आता त्येबी न्हाई. पावन्याकडनं ही शिलिंडरची टाकी आनली, ती सनासुदीला म्हनून ठेवलीया." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ह्यांनी तुमास्नी सांगू नको म्हनलंय."

नाना गोठ्यात होते. मी तिथं गेलो आणि विचारलं, "नाना, आम्हाला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? उष्टं टाका म्हनून?" ते म्हशीची पाठ घासत होते, ती घासतच राहिले. "तुमी पोरं येवढ्या हौसेनं ताटं पुसून खातायसा. मला गॅस पायजे म्हनून मी पोरांना अन्न टाका म्हनू? माज्या तोंडातनं न्हाई यायचं ते."

यावर मी काय बोललो ते आठवलं की अजून कान गरम होतात. मी म्हणालो, "नाना, शनिवारी परीक्षक येणारेत. तेवढ्यापुरता तो सिलिंडर कुठं हलवता येईल का?"

नानांनी म्हशीवरचा हात थांबवला आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बराच वेळ बघितलं.

"हलवू की," ते म्हणाले.

शनिवारी दोन परीक्षक गाडीतून आले. गाडीतला एसी चालू राहावा म्हणून ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं नाही, ती दारात घरघरत उभी राहिली. त्यांनी फळ्यावरचं शून्य बघितलं, फोटो काढले. मग एकानं विचारलं, "स्वयंपाक कशावर होतो?" मी नानांकडं बघितलं. नाना त्यांना आत घेऊन गेले, शेगडीची चावी फिरवली आणि काडी लावली. निळी ज्योत भसकन उभी राहिली. काकींनी चहाचं आधण ठेवलं. परीक्षक 'वा, वा' म्हणाले. चहा मात्र त्यांनी घेतला नाही. बाटलीबंद पाणी त्यांनी बरोबर आणलं होतं. गाडी वळून गेली, ज्योत दोनदा फडफडली आणि विझली. त्या चहाला उकळी चुलीवरच आणावी लागली.

तो चहा देताना काकी म्हणाल्या, "तीन दिस शेगडीला हात लावू दिला न्हाई मला. साठू दे म्हनले. पोराची परीक्षा हाय."

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. थर्मोकोलच्या पेटीत बसवलेलं प्लॅस्टिकचं झाड आणि प्रमाणपत्र. माझा रकाना भरला. पुढं इंटरव्ह्यूत मी याच उपक्रमाबद्दल दहा मिनिटं बोललो आणि नोकरी मिळवली. चूल, सिलिंडर आणि काकींचे डोळे त्या दहा मिनिटांत बसले नाहीत.

बक्षिसाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात मात्र भात उरला. सतीशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आपल्या कॅन्टीनचं उष्टं कुठं जातं रे?" आम्ही जाऊन बघितलं. कॅन्टीनच्या मागं खड्डा होता आणि त्यात रोज दोन-तीन बादल्या भात-भाजी कुजत होती. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, न्या, माझा त्रास वाचेल. मग रोज कॉलेज सुटलं की सतीशच्या बाइकला दोन बाजूंना दोन कॅन बांधून आम्ही नेऱ्याला जायचो. झाकणातून आंबूस पाणी ठिबकायचं आणि बसस्टॉपवरच्या मुली नाक दाबायच्या. लिंबू, कांदे वेचून काढायचं काम नानांनी आमच्याकडंच लावलं. "सचिव ना तू. बस हितं." या कामाचा फळा लावला नाही, फोटोही काढला नाही. सरांना कळलं तेव्हा ते एकदा गुपचूप येऊन बघून गेले आणि दुसऱ्या दिवसापासून घरच्या भाजीची देठं डब्यातून आणायला लागले.

तीन आठवड्यांनी नाना कॉलेजच्या गेटवर आले. वॉचमननं आत सोडलं नाही. आम्ही बाहेर पडेपर्यंत ते दोन तास रस्त्याच्या कडेला बसून होते. आम्हाला बघून उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "थोरली उठली रं." एवढंच सांगायला ते चालत आले होते.

आमची शेवटची परीक्षा होईपर्यंत ते चाललं. नंतर धाकट्या वर्गातल्या दोघांनी महिना-दीड महिना कॅन नेले, मग सोडून दिलं. नोकरी लागल्यावर निरोप घ्यायला मी पेढे घेऊन नेऱ्याला गेलो. इंटरव्ह्यूत काय बोललो आणि काय गाळलं, ते नानांना सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, पेढा खाल्ला आणि विचारलं, "ऱ्हानार कुटं?"

"वाकडला. फ्लॅट घेतलाय भाड्यानं. चौथा मजला."

"चौथ्या मजल्यावर उष्टं कुटं टाकतायसा?"

"खाली डबा असतो, नाना. गाडी येऊन नेते."

"कुटं नेती?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं तर त्यांनी फक्त मान हलवली.

तो प्रश्न मी तीन वर्षं तसाच ठेवला. मग एका सुटीच्या सकाळी खाली कचऱ्याची गाडी दिसली आणि का कोण जाणे, मी बाइक काढून तिच्या मागं गेलो. गाडी खूप लांब गेली. शेवटी एक टेकडी आली आणि जवळ गेल्यावर कळलं, ती टेकडी नव्हतीच. तिथूनच मी नानांना फोन लावला. काकींनी उचलला. त्यांनी सांगितलं की उरलेल्या म्हशीही विकल्या, खानावळ बंद झाली, पुतण्यानं थोरली बुजवून तिथं कंपनीतल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या काढल्या. नाना आता अंथरुणावरच असतात. मग त्यांनी फोन नानांच्या कानाला लावला.

"नाना, मी कढीपत्ता. आमची गाडी कचरा कुठं नेते ते बघायला आलोय."

"कुटं नेती?" आवाज पार खोल गेला होता.

मी त्या कचऱ्याच्या डोंगराबद्दल सांगितलं. पलीकडं नाना ऐकत होते. तो आमचा शेवटचा फोन ठरला, त्या थंडीत ते गेले.

"वास येतुया का तितं?" त्यांनी विचारलं.

"खूप येतोय, नाना."

"मग गॅस हाय तितं," नाना म्हणाले. "वाया चाललाय."