सारजाबाईंची पुसलेली हाक

भानामतीच्या विरोधातलं पहिलं पत्रक मी वाटलं तेव्हा आठवीत होते. मजकूर बाबांचा, वाटप माझं. ज्या बाईच्या अंगात येतं म्हणून आमची अख्खी गल्ली तिच्या पाया पडायची, तिच्याच हातात मी पहिली प्रत दिली होती. तिनं ती घडी घालून कमरेला खोचली आणि म्हणाली, "वाचीन निवांत." मला त्याचा आजही अभिमान आहे. तेव्हा हे वाचून "आता तूसुद्धा का?" असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते — मी कुठेही सरकलेले नाही. घडलं ते लिहिते आहे. लपवणं हे माझ्या तत्त्वात बसत नाही.

बाबा एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते आणि उरलेला सगळा वेळ चळवळीत. अक्षरओळख मला पत्रकांवरच झाली. मोठी झाल्यावर मी माझं स्वतःचं पत्रक काढलं — "घरातलं यंत्र". एक पान, दोन्ही बाजूंनी छापलेलं. दर रविवारी सकाळी गुलमंडीच्या चौकात उभी राहून फुकट वाटायचे. विषय तुमच्या-आमच्या घरातले. नव्या टीव्हीबरोबर दुकानदार महागडी केबल गळ्यात मारतो, तिची गरज नसते. अर्थिंग तपासल्याशिवाय कॉम्प्युटर लावू नका. लग्नाची सीडी खिडकीत ठेवू नका. फोटो एकाच हार्ड डिस्कवर असतील तर ते नाहीतच असं समजा. जुनं फेकून द्या म्हणणाऱ्याला आधी विचारा, नवीन विकतोय कोण?

चार नंबरच्या पत्रकात जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या ते लिहिलं होतं. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या निळ्या भोकात घालायची, गुलाबी नव्हे, ते माइकचं. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात — काहीही करण्याआधी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन छोट्या प्लॅस्टिकच्या चकत्या मोडा. मोडल्या की त्या कॅसेटवर चुकूनही दुसरं काही रेकॉर्ड होत नाही.

ही गोष्ट २०१३च्या उन्हाळ्यातली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद. हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळत होती. आमच्या भागात आठ दिवसांनी नळ, आणि त्याच शहराच्या कडेला रोज नव्या स्कीमच्या पाट्या — 'निसर्गाच्या सान्निध्यात'. निसर्ग कुठे होता विचारू नका. टँकर होते.

एका रविवारी पत्रक वाटताना एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ बाजूला उभे राहिले. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. भर मे महिन्यात. गर्दी ओसरल्यावर पुढे आले.

"हे कॅसेटचं तूच लिहिलं का, पोरी?"

"हो. का हो मामा?"

"वाचून घेतलं मी हाटेलवाल्याकडून. त्यो म्हनला, ती पोरगी भांडते लई, पर काम खरं करते."

त्यांनी घोंगडीच्या घडीतून एक कॅसेट काढली. फडक्यात गुंडाळलेली.

नाव भानुदास. सोयगावकडचे, मेंढरं राखणारं घर. दुष्काळात तिकडे चारा-पाणी संपलं, जवळच्या छावणीत गाय-बैल घेत होते, मेंढरं नाही. (त्यावर मी वेगळं पत्रक काढलं होतं, तो राग इथे नको.) मुलगा हर्सूलच्या पुढे एका बिल्डिंगच्या साइटवर वॉचमन होता, म्हणून म्हातारबुवा एकतीस मेंढरं घेऊन चालत इकडे आले. साइटवर टँकरच्या पाण्याचा सिमेंटचा हौद होता आणि इंजिनिअर भला माणूस, त्यानं पाणी पाजायची परवानगी दिली. पण मेंढरं पाणी पीत नव्हती.

"वळखीच्या पान्यावर आपसूक पेत्यात. हितं पान्याला वास हाय टँकरचा, हौद नवा, जागा नवी. अशा जागी ती हाक मारायची तवाच पेयाची," भानुदासमामा म्हणाले. "आमच्यात हाकनं गड्याचं, पाजनं बाईचं. मी शीळ घातली की चालू लागत्यात. पान्यावर उभं ऱ्हावून शीळ घातली तर हौद सोडून निघून जात्यात. गुण तसाच लागलाय त्यांना."

"आणि ती म्हणजे...?"

"सारजा. मालकीन माझी. संक्रांतीला गेली."

सहा मेंढरं दगावली होती. सून सुनीता रोज हाक मारून बघत होती, पण ती आली होती शेतीवाल्या घरातून, नंतर कंपनीत पॅकिंगला. मेंढरं तिच्याकडे बघायचीसुद्धा नाहीत. आणि कॅसेटमध्ये सारजाबाईंची हाक होती. पुतण्याच्या लग्नात नवा टेप आला तेव्हा सगळ्यांनी आग्रह केला, काहीतरी बोला. सारजाबाई म्हणाल्या होत्या, "मी काय बोलू? मला मेंढरांशीच बोलता येतं." आणि मारली की हाक, पाण्यावरची, पुरती दोन-अडीच मिनिटं, वऱ्हाडी हसून लोळेपर्यंत. त्यापुढे ती बाजूभर रेडिओची गाणी. मामांना ती हाक मोबाइलमध्ये हवी होती. त्यांच्याकडे तो मोठ्या स्पीकरचा फोन होता, ज्याच्या आवाजानं अख्खी एसटी जागी होते.

मी त्यांना लगेच घरी घेऊन आले. छाती फुगली होती माझी. याचसाठी तर पत्रक काढत होते ना.

आता माझी चूक. नीट सांगते.

आमच्या घरचा टेप बाबांचा. मोर्च्यात एका हातात माइक आणि दुसऱ्या हातानं टेप चालू करायचा, म्हणून बाबांनी प्लेचं आणि रेकॉर्डिंगचं लाल बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं एकमेकांना चिकटवलं होतं. एक दाबलं की दोन्ही खाली. चकत्या मोडलेल्या असतील तर लाल बटण अडतं, पट्टी वाकते आणि टेप नुसता वाजतो. आमच्या घरात तो ठळक अक्षरातला नियम असा जिवाचा होता.

मी कॅसेट उलटी केली, चकतीवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला.

"काय करते?" मामा म्हणाले.

"मोडते हे. नियम आहे."

"नको. तिच्या वस्तूचं काय मोडू नको, पोरी. जशी हाय तशी ऱ्हाव दे."

त्यांचा चेहरा बघून मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. म्हटलं, एवढी वर्षं करते आहे, लक्ष ठेवीन. मग वायर जोडली, निळं भोक कोणतं आणि गुलाबी कोणतं ते त्यांना समजावलं, कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं... आणि बोलता बोलता सवयीनं बटण दाबलं.

स्क्रीनवरची रेघ सरळ. मला वाटलं, वायर सैल आहे. वायर काढली, घातली, दुसरी लावली. रेघ सरळच. मग माझी नजर टेपवर गेली. दोन्ही बटणं खाली होती. टेपचा माइक कधीच मेलेला, त्यामुळे सारजाबाईंच्या हाकेवर मी शांतता रेकॉर्ड करत बसले होते. ट्यूबची पट्टी ओढून काढली, बटणं सोडवून टेप परत सुरू केला, तेव्हा रेडिओवरच्या गाण्याची दुसरी ओळ लागली.

मामांना कळलं नव्हतं. "झालं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "उद्या आणून देते साइटवर." या वाक्याबद्दल मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

ते गेल्यावर मी कॅसेट दहा वेळा वाजवली. आवाज शंभर पट वाढवून पाहिला. फक्त खरखर. बाबा पेपर वाचत होते, मी त्यांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "पत्रकात चूक छापली तर काय करतो आपण?"

"दुसरं पत्रक काढतो."

"मग. आणि ते ज्याच्याबद्दल चूक झाली त्याला आधी वाचून दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी साइटवर गेले. मेमरी कार्डवर अख्खी कॅसेट होती, सुरुवातीच्या त्या कोऱ्या तुकड्यासकट. तुकडा कापावासा वाटला नाही. चूक झाली ती दिसू दे.

चार मजली सांगाडा, खडीचा ढीग, सिमेंटचा हौद काठोकाठ. मेंढरं थोडी लांब, एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी. सुनीता हौदाच्या कडेला बसली होती. मी उभ्या उभ्या सांगितलं.

"मामा, तुमच्या मालकिणीची हाक माझ्या हातून पुसली गेली. टेपमध्ये दोष नव्हता. मी माझाच नियम पाळला नाही. काल तुमच्यासमोरच झालं आणि मी बोलले नाही."

सुनीता उठून उभी राहिली. "पुसली म्हंजे? मग पत्रकं कशाला वाटता ताई तुम्ही?"

मी मेमरी कार्ड काढून हातात धरलं. मामा खाली बसले. मग त्यांनी हात पुढे केला. "आण ते."

"त्यात पहिली अडीच मिनिटं काहीच नाही मामा."

"आनलंस ना इतक्या लांब? मग लाव."

मी कार्ड त्यांच्या फोनमध्ये घातलं, फाइल लावली. त्यांनी फोन हौदाच्या काठावर ठेवला. मला काही ऐकू आलं नाही. सुनीतालाही नाही. वर सळ्या बांधणारे दोघे होते, नंतर विचारलं, त्यांनाही नाही.

कळपातल्या एका काळ्या तोंडाच्या मेंढीनं मान वर केली. मग तिच्या मागच्या दोघींनी. मग ती चालायला लागली — पळत नाही, हुंदडत नाही, रोजच्या कामाला निघाल्यासारखी. बाकीची तिच्या मागे. हौदाशी आली, तोंड घातलं आणि पाणी प्यायला लागली. पंचवीसच्या पंचवीस. मेंढरं पितात तेव्हा एक बारीक चोखल्यासारखा आवाज येतो. सगळ्या साइटवर तेवढाच आवाज होता.

अडीच मिनिटं संपली, गाणं लागलं, तशी मेंढरांनी डोकी काढली आणि बिचकून मागे सरली. मामांनी फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली. ती परत आली.

सुनीता तोंडावर पदर धरून म्हणाली, "मामंजी, आत्याबाई पाजतायत."

मी तेव्हाही तिला म्हटलं, "तहानलेली होती, आज ना उद्या पिणारच होती." मी अशीच आहे. आणि म्हणूनच पुढचे चार दिवस मी रोज साइटवर गेले.

कॉम्प्युटरवर अडीच मिनिटांची कोरी फाइल नव्यानं बनवली आणि त्याच फोनवर लावली. एकही मेंढी हलली नाही. कॅसेटच्या कोऱ्या बाजूची खरखर रेकॉर्ड करून लावली. नाही. मामांनी फोन नुसता हातात धरला, काही लावलं नाही. नाही. मामा मेंढरांना नकळत खूण करत असतील म्हणून त्यांना चहाला पाठवलं, स्वतः खडीच्या ढिगामागे बसले आणि मूळ फाइल माझ्या फोनवर लावली. माझा फोन लहान, स्पीकर फाटका. ढिगाला वळसा घालून काळ्या तोंडाची मेंढी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पाणी कुठे आहे, असं विचारत असल्यासारखी.

माणसाला ऐकू न येणारा उंच आवाज असेल? तसला आवाज कॅसेटवर टिकत नाही आणि असल्या फोनमधून बाहेरही पडत नाही. पुसताना मागे काही राहिलं असेल? मग ते वाढवल्यावर निघायला हवं होतं. फाइल मी एका जाणकार मित्राला पाठवली, काही न सांगता. त्याचं उत्तर आलं — "रिकामी आहे, परत पाठव."

शेवटच्या दिवशी मामांना विचारलं, "तुम्हाला ऐकू येतं का हो काही?"

"नाय," ते म्हणाले. "पर ती आपल्याला कुठं हाक मारत व्हती."

त्या रविवारी पत्रक निघालं. त्यात माझी चूक होती, कारणासकट, सारजाबाई आणि भानुदासमामांच्या नावासकट, त्यांची परवानगी घेऊन. छापण्याआधी ते मामांना साइटवर वाचून दाखवलं. मेंढरांचं मात्र त्यात काही लिहिलं नाही. ज्याचा खुलासा देता येत नाही ते छापायचं नाही, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, खुलासा नाही हेसुद्धा छापायला हवं होतं. म्हणून हे लिहिणं.

फाइलच्या मी तीन प्रती केल्या, तीन वेगळ्या ठिकाणी. तिन्हींवर मेंढरं यायची. माझ्यातल्या शिकलेल्या मुलीला सगळ्यात जास्त छळतं ते हेच — नाही त्या गोष्टीची प्रत निघते कशी?

सुनीतानं महिनाभर ती फाइल लावून बरोबरीनं आपली हाक मारली. सासूची नक्कल नाही केली, स्वतःचीच काहीतरी जुळवली. मी जुलैत गेले तेव्हा फोन तिच्या कमरेला होता, बंद. ती हौदाच्या काठावर उभी राहिली, तोंडाशी हात नेला आणि अशी काही हाक दिली की वरचे सळ्या बांधणारे थांबले. मेंढरं आली. एकतिसातली पंचवीस उरली होती, ती सगळी आली.

"आली बघा ताई," ती म्हणाली. "आता हा फोन न्या."

"माझा नाही, मामांचा आहे."

"मग त्यांना गाणी ऐकू द्या."